रशियन खेड्यातील मृद्भांडी : परंपरा, शब्द आणि पुनरुज्जीवन

एखादी लोककला अमुक साली 'लोप पावली' आणि अमुक साली तिचे 'पुनरुज्जीवन झाले', अशी दोन विधाने कलेतिहासाच्या ग्रंथांत इतक्या सहजपणे शेजारी शेजारी येतात की, त्यांच्या दरम्यान नेमके काय घडले हे विचारण्याचे वाचकास सहसा सुचत नाही. रशियन ग्रामीण कुंभारकलेचा इतिहास ह्या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे. विसाव्या शतकात ह्या कलेच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न विपुल झाले, त्यांतील काहींना जगभर कीर्तीही लाभली, आणि त्यांविषयीचे लेखन तर प्रयत्नांहूनही विपुल आहे. ह्या लेखनात 'व्होज्रोझ्देनिये' हा शब्द पदोपदी भेटतो. युरोपातील प्रबोधनकाळालाही रशियन भाषा हेच नाव देते. 'पुनर्जन्म' हा त्याचा धात्वर्थ होय. पुनर्जन्म घेतलेली वस्तू जुनीच मानावयाची की निराळी, हा प्रश्न मात्र बहुतेक लेखकांनी बाजूस ठेवलेला दिसतो. त्याचा विचार करावयाचा तर आरंभ भांड्यांपासून करण्याऐवजी भांड्यांच्या नावांपासून करणे अधिक सोयीचे आहे; कारण मडके फुटले तरी त्याचे नाव पुष्कळदा मागे उरते.

आपल्याकडील 'कुंभार' हा शब्द 'कुंभकार' ह्यापासून आला, म्हणजे कारागिराचे नाव त्याने घडविलेल्या वस्तूवरून पडले. रशियन 'गोंचार' हा शब्द वरवर पाहता त्याच जातीचा आहे. त्याचे प्राचीन रूप 'गर्न्चार' अशासारखे होते. मधल्या व्यंजनसमूहातून 'र्' गळून गेला आणि आजचे रूप सिद्ध झाले. चेक भाषेतील 'हर्न्चीर्झ' आणि पोलिश भाषेतील 'गार्न्त्साश' ह्या रूपांत तो 'र्' अद्याप टिकून आहे. भांडे ह्या अर्थाचा 'गोर्शोक' हा शब्दही त्याच मुळापासून निघालेले लघुत्ववाचक रूप होय. परंतु ह्या दोहोंच्या मागे आणखी एक शब्द उभा आहे, तो म्हणजे 'गोर्न', अर्थात् भट्टी. कुंभाराचे नाव मडक्यावरून, आणि मडक्याचे नाव भट्टीवरून, अशी ही परंपरा आहे. लॅटिनमधील भट्टीवाचक 'फोर्नुस' ह्याच कुळातील, आणि संस्कृतातील 'घृण' व 'घर्म' हेही ह्याच धातूपासून आलेले. मराठीतील 'घाम' हा त्या 'घर्मा'चा वंशज. विशेष असे की, वैदिक प्रवर्ग्यविधीत 'घर्म' हा शब्द तापविलेल्या दुधाला आणि ते ज्यात तापवावयाचे त्या भांड्यालाही लावीत, आणि ते 'महावीर' नावाचे भांडे मातीचेच असे. उष्णतेच्या शब्दावरून भांड्याच्या शब्दाकडे जाण्याची वाट दोन दूरच्या शाखांत स्वतंत्रपणे पडलेली दिसते. ओ. एन. त्रुबाचोव ह्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या स्लाव्ह भाषांतील कारागिरीच्या परिभाषेवरील ग्रंथात कुंभारकामाला एक मोठा विभाग दिला आहे, आणि 'गोर्न–फोर्नुस' ह्यासारख्या साम्यांवरून स्लाव्ह कारागिरीच्या शब्दांचे लॅटिन आणि जर्मानिक शब्दांशी असलेले जुने नाते दाखविले आहे. त्यांचे सर्व निष्कर्ष सर्वांस मान्य झाले असे नाही. तथापि कुंभारकाम म्हणजे मुळात अग्नीचे काम, आकार देणे त्याच्या नंतरचे, अशी समजूत ह्या शब्दकुळात गोठलेली आहे, एवढे तरी स्वीकारावेच लागते. 'मडकी काही देव भाजीत नाहीत' ही रशियन म्हणही 'घडवीत नाहीत' असे म्हणत नाही, 'भाजीत नाहीत' असेच म्हणते.

मातीवर कोरलेल्या रशियन अक्षरांचा जो सर्वांत जुना पुरावा मानला जातो, तोही भांड्याचाच आहे. स्मोलेन्स्कजवळील ग्न्योझ्दोवो येथे दहाव्या शतकातील एका दफनटेकडीत १९४९ साली द. अ. अव्दूसिन ह्यांना 'कोर्चागा' जातीच्या एका घटाचे तुकडे सापडले. त्यावर एकच शब्द कोरलेला होता. तो मोहरी किंवा तत्सम तिखट मसाल्याचा वाचक आहे असे उत्खननकर्त्यांचे मत पडले, प. या. चेर्निख ह्यांनी वाचन बदलले, अर्थ मात्र मोहरीशीच ठेवला. रोमान याकोब्सन ह्यांनी तो घटाच्या मालकाचे नाव म्हणून लावला. एका शब्दावर इतकी विद्वत्ता खर्ची पडली, ह्यात नवल नाही. नवल आहे ते निराळ्याच गोष्टीत. तो घट रशियन खेड्यात घडलेलाच नव्हता. तो दक्षिणेकडून, काळ्या समुद्राच्या बाजूने आलेल्या व्यापारी कुंभांच्या जातीचा होता. खेड्यातील कुंभाराने आपल्या भांड्यांवर अक्षरे कोरली नाहीत. त्याच्या खुणा भांड्याच्या बुडाशी उमटत : वर्तुळ, क्रूस, चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा. ब. अ. रिबाकोव ह्यांनी १९४८ सालच्या आपल्या प्राचीन रशियन कारागिरीवरील ग्रंथात ह्या खुणांची बरीच चर्चा केली. पुढील संशोधकांत त्या कुंभाराच्या, गिऱ्हाइकाच्या की मंत्रतंत्राच्या, ह्याविषयी एकमत झालेले नाही.

नवव्या-दहाव्या शतकांच्या सुमारास हाताने फिरवावयाचे मंदगती चाक ह्या प्रदेशात रूढ झाले. मातीच्या वळ्या एकीवर एक बसवून भांडे उभारावयाचे आणि चाकावर त्याचा काठ व अंग सारखे करून घ्यावयाचे, ही पद्धत शहरांत पायाचे चाक आल्यावरही खेड्यांतून विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. मॉस्कोत यौझा नदीपलीकडे कुंभारांची स्वतंत्र वसाहत होती; 'गोंचार्नाया' हे रस्त्याचे नाव तिची आठवण अजून देते. तेथील काळी घोटीव भांडी धातूच्या भांड्यांची नक्कल करीत. भट्टी भरपूर धुराने कोंडून, आत हवा न शिरू देता भाजले म्हणजे मातीतील लोहाचा रंग पालटतो आणि भांडे काळे पडते. भाजण्यापूर्वी गुळगुळीत दगडाने घोटले असेल तर त्यावर रुपेरी झाक येते. ही युक्ती आपल्याकडील कुंभारांनाही अपरिचित नाही.

खेड्यातील भांड्याचा खरा धनी मात्र कुंभार नव्हता. तो होता चुला. रशियन 'पेच' म्हणजे विटांचा घरभर पसरलेला, एकदा तापविला म्हणजे दिवसभर ऊब धरणारा चुला. त्यात भांडे जाळावर ठेवीत नाहीत. निखारे बाजूस सारून भांडे आत सरकवितात, आणि उष्णता त्याला बाजूंनी लागते. म्हणून 'गोर्शोक' खांद्याशी रुंद आणि बुडाशी निमुळता असतो. लांब दांड्याला बसविलेली लोखंडी शिंगे त्या निमुळत्या भागाभोवती घालून, फुगीर खांद्याच्या आधाराने भांडे उचलता येते. ह्या साधनाला उत्तरेकडे 'उख्वात' आणि दक्षिणेकडे 'रोगाच' म्हणतात. पहिला शब्द पकडण्याच्या क्रियेवरून आला आहे, दुसरा शिंगावरून. रशियन बोलींच्या नकाशांत ह्या दोन शब्दांच्या सीमा इतक्या स्पष्ट उमटतात की, विद्यार्थ्यांना समशब्दरेषा समजावून देताना हेच उदाहरण वारंवार घेतले जाते. भांड्यांच्या नावांतही असेच वैविध्य आहे. दुधाचे उभट भांडे कोठे 'क्रिंका', कोठे 'बालाकिर', दक्षिणेत 'माखोत्का'. फुटू लागलेल्या मडक्याला भूर्जाच्या सालीच्या पट्ट्या गुंडाळून आणखी काही वर्षे चालवीत. ज्या उखाण्यांत मडके आपली जन्मकथा स्वतः सांगते, त्यांत खणणे, तुडविणे, चाकावर फिरणे आणि आगीत जाणे ह्या सर्व यातना क्रमाने येतात. मडक्याचे ते जणू संतचरित्रच असते. गरीब घरात मडके किती काळजीने जपले जाई ह्याची साक्ष अशा उखाण्यांतून मिळते तशी कोठल्याही संग्रहालयाच्या यादीतून मिळत नाही.

ही चुल्याची गोष्ट पुनरुज्जीवनाच्या चर्चेत निर्णायक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिडाची भांडी खेड्यांत शिरली. 'चुगुनोक' नावाचे हे बिडाचे भांडे आकाराने मातीच्या गोर्शोकाची हुबेहूब प्रतिकृती होते, कारण चुला तोच होता आणि उख्वातही तोच. म्हणजे आपण ज्याला मातीच्या भांड्याचा पारंपरिक आकार म्हणतो तो मातीचा नव्हताच. तो चुल्याचा होता, आणि माती गेल्यावरही तो बिडात टिकला. पुढे चुला गेला, सपाट शेगडी आली, मुलामा दिलेली सपाट बुडाची भांडी आली, आणि मग तो आकारही निराधार झाला. निमुळत्या बुडाचे मडके शेगडीवर नीट उभेच राहत नाही. आज एखाद्या कार्यशाळेत तोच आकार मोठ्या निष्ठेने घडविला जातो तेव्हा त्याचे काय करावयाचे हा प्रश्न विकत घेणाऱ्याने सोडवावयाचा असतो. बहुधा तो त्यात वाळलेली फुले ठेवून तो सोडवितो.

कुंभारांच्या आर्थिक स्थितीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मराठी मुलखातील कुंभार गावगाड्यात बलुतेदार म्हणून बांधलेला होता. रशियन खेड्यातील कुंभार तसा नव्हता. तो शेतकरीच असे, शेतीचा हंगाम सरला म्हणजे चाकावर बसे, आणि गाडी भरून गावोगाव हिंडे. मडक्यात मावेल तेवढे धान्य हीच त्या मडक्याची किंमत, असा व्यवहार पुष्कळ ठिकाणी चालत असे. अशा शेतकरी-कारागिराला 'कुस्तार' म्हणत. हा शब्द जर्मन 'क्युन्स्टलर' म्हणजे कलावंत ह्यापासून आला असावा असे एक मत आहे. ते खरे मानले तर ह्या शब्दाचे नशीब मोठे विचित्र म्हणावे लागेल. १८७९ ते १८८७ ह्या काळात कुस्तार-उद्योगांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगाने आपले खंडच्या खंड प्रसिद्ध केले, १८८५ साली मॉस्कोत कुस्तार-संग्रहालय निघाले. सुशिक्षितांच्या तोंडी हा शब्द तेव्हा जिव्हाळ्याचा होता. परंतु १९०२ साली लेनिनने 'काय करावे?' ह्या पुस्तिकेत 'कुस्तार्निचेस्त्वो' हा शब्द राजकीय कार्यातील गबाळेपणासाठी वापरला, आणि आजच्या रशियनमध्ये 'कुस्तार्नी' म्हणजे ओबडधोबड, अडाणी हाताचे. एकाच शतकात एका वर्गाचा गौरव झाला आणि त्याचे नाव शिवीसारखे बनले. पुनरुज्जीवनाच्या सरकारी कागदांत 'कुस्तार' शब्द मागे पडून 'लोककलात्मक उद्योग' हा लांबलचक शब्दप्रयोग रूढ झाला, त्याचे एक कारण हेही असावे.

ह्या उद्योगांपैकी सर्वांत ख्यातनाम ग्झेल होय, आणि त्याच्या परीक्षणात थोडे अधिक रेंगाळणे भाग आहे. मॉस्कोच्या आग्नेयेस असलेल्या खेड्यांच्या ह्या समूहाचा उल्लेख चौदाव्या शतकात इव्हान कलिताच्या मृत्युपत्रात येतो. १६६३ साली झार अलेक्सेय मिखाइलोविच ह्याने औषधांच्या व किमयेच्या भांड्यांसाठी ग्झेलची माती पाठविण्याची आज्ञा काढली. ग्झेल हे नाव 'जाळणे' ह्या अर्थाच्या धातूवरून आले असे प्रवासपुस्तकांत छापलेले असते. ही व्युत्पत्ती आकर्षक आहे, पण तिच्याकडे संशयानेच पाहावयास हवे. ग्झेल्का हे नदीचेही नाव आहे, आणि ओका नदीच्या खोऱ्यातील नद्यांची कित्येक नावे बाल्टिक मूळची आहेत. कुंभारांच्या गावाचे नाव कुंभारकीवरूनच आले असले पाहिजे, असा हट्ट भाषेने धरण्याचे कारण नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्झेलच्या कारागिरांनी मायोलिकाची भांडी केली. क्वास घालावयाचे चकतीसारखे पोकळ घट, कुमगान नावाच्या उंच सुरया, आणि त्यांवर पांढऱ्या मुलाम्यावर हिरव्या, पिवळ्या, तपकिरी-जांभळ्या व निळ्या रंगांत काढलेले पक्षी, झाडे, घरे. कच्च्या मुलाम्यावर काढलेली रेघ पुसता येत नाही. हात चुकला तर चूक तशीच भाजली जाते. ह्या बंधनातून त्या चित्रांना एक प्रकारचा सरळ धीटपणा आला आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अर्धफायान्सची भांडी आली, त्यांवर निळे चित्रण पुष्कळ असे. मग चिनी माती आणि कारखाने आले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जुने काम जवळजवळ विस्मृत झाले होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कलाभ्यासक अलेक्सान्द्र साल्तिकोव (१९००–१९५९) आणि चित्रकर्त्री नतालिया बेस्सराबोवा (१८९५–१९८१) ह्यांनी ग्झेलचे काम पुन्हा उभे करण्यास हात घातला. आज ग्झेल म्हटले की जी पांढऱ्या चिनी मातीवरची निळी कोबाल्टची फुले डोळ्यांपुढे येतात, ती ह्या दोघांच्या परिश्रमांचे फळ आहेत. साल्तिकोवने जुन्या भांड्यांवरील कुंचल्याच्या फटकाऱ्यांचा अभ्यास करून त्यांची एक 'मुळाक्षरमाला' तयार केली, आणि तिच्या आधारे कारागिरांना शिक्षण दिले. ही कल्पना भाषाभ्यासकाला ओळखीची वाटेल. चालू बोलीतून घटक वेगळे काढावयाचे, त्यांची सूची करावयाची, आणि त्या सूचीवरून नव्या पिढीला ती बोली शिकवावयाची. तिच्यातील धोकाही तितकाच ओळखीचा आहे. वर्णमाला येणाऱ्याला भाषा येतेच असे नाही. आणि ज्या नमुन्यांवरून वर्णमाला काढली त्यांत जे नव्हते ते पुढे 'अशुद्ध' ठरू लागते. ग्झेलच्या बाबतीत नेमके हेच झाले. अनेकरंगी मायोलिका, जी अठराव्या शतकातील ग्झेलची खरी कीर्ती, ती कित्येक दशके लोकांच्या लेखी 'ग्झेल' राहिलीच नाही. निळा रंग हा ग्झेलच्या इतिहासातील एक टप्पा होता. पुनरुज्जीवनाने त्याला संपूर्ण ग्झेल बनविले. पुढे मायोलिकाचे कामही पुन्हा हाती घेण्यात आले खरे, परंतु 'ग्झेलचा निळा' ही कल्पना तोवर सामान्य भाषेत इतकी रुजली होती की, तिला हलविणे आता कोणासही शक्य नाही.

ह्यावरून साल्तिकोवला दोष देणे अन्यायाचे होईल. युद्धोत्तर टंचाईत, एका पडलेल्या धंद्याला उभे करावयाचे असताना, त्याने एक मर्यादित आणि शिकविता येण्याजोगी शैली निवडली. ती ऐतिहासिक पायावर निवडली. आणि तिने शेकडो हातांना काम दिले. दोष आहे तो नंतरच्या लेखकांचा, ज्यांनी एका विवेकी निवडीचे वर्णन 'प्राचीन परंपरेचे पुनरुज्जीवन' असे करून ती निवडच दिसेनाशी केली. १९७८ साली ग्झेलच्या कारागिरांना रेपिन राज्य पारितोषिक मिळाले. ते पारितोषिक एका नव्या आणि उत्तम शैलीला मिळाले असे म्हणण्यात त्यांचा अधिक गौरव झाला असता.

ग्झेलहून निराळी, आणि अधिक बोलकी, अशी हकिकत उत्तरेकडील कारगोपोलची आहे. पांफिलोवो, ग्रिन्योवो, तोकारेवो ह्या खेड्यांतील शेतकरी भांडी करीत, आणि उरलेल्या मातीतून मुलांसाठी घोडे, अस्वले, अर्धा मनुष्य अर्धा घोडा असा पोल्कान, अशी खेळणी करीत. भांडे मुख्य, खेळणे फावल्या वेळचे. बिडाच्या आणि कारखान्यातील भांड्यांपुढे मातीची भांडी मागे पडली. ग्रिन्योवोच्या उल्याना बाब्किना (१८८९–१९७७) ह्यांनी मात्र खेळणी करणे सोडले नाही. १९६० नंतर संग्राहकांचे लक्ष त्यांच्याकडे गेले, आणि १९६७ साली कारगोपोलात कार्यशाळा निघाली. आज कारगोपोल ही 'खेळण्यांची' परंपरा म्हणून ओळखली जाते. उपउत्पादन जगले, मूळ धंदा गेला. आणि उपउत्पादनालाच परंपरेचे नाव मिळाले. व्यात्काजवळील दिम्कोवोच्या खेळण्यांबाबत आन्ना मेझ्रिना (१८५३–१९३८) ह्यांच्या हातांनी आणि चित्रकार अलेक्सेय देन्शिन (१८९३–१९४८) ह्यांच्या चित्रसंग्रहांनी जे साधले तेही ह्याच प्रकारचे. त्या खेळण्यांतील शिट्ट्या ज्या जत्रेत वाजत, त्या 'स्विस्तोप्ल्यास्का'चे नाव आज सामान्य रशियनमध्ये निव्वळ गोंधळ ह्या अर्थाने वापरतात. जत्रा गेली, शब्द वेगळ्याच कामाला लागला.

ह्या सर्व प्रयत्नांचे मोल ठरविण्यास जो सिद्धांत सर्वाधिक उपयुक्त आहे, तो आश्चर्याची गोष्ट म्हणजे कलासमीक्षेतून आलेला नाही. अ. अ. बोब्रिन्स्की ह्यांनी पूर्व युरोपातील उरल्यासुरल्या ग्रामीण कुंभारांकडे जाऊन, त्यांचे काम प्रत्यक्ष पाहून, १९७८ साली पूर्व युरोपातील कुंभारकामावर ग्रंथ लिहिला. त्यांनी कुंभाराच्या कौशल्यांचे दोन थर मानले. मातीची निवड, मिश्रण, वरचा हात, भाजणी ही बाहेरच्या गरजेप्रमाणे त्वरेने बदलणारी 'समायोजक' कौशल्ये. आणि भांड्याचे बूड कसे धरावयाचे, अंग कसे उभारावयाचे ही हाताच्या सवयीत मुरलेली, पिढ्यान्पिढ्या न बदलणारी 'अधःस्तर' कौशल्ये. 'अधःस्तर' ही संज्ञा भाषाशास्त्राची आहे. तिचे हे स्थलांतर केवळ अलंकारिक नाही. ज्याप्रमाणे एखादा समाज नवी भाषा स्वीकारतो, पण तिच्या उच्चारांत आणि वाक्यरचनेत जुनी भाषा उरते, त्याप्रमाणे कुंभार नवा आकार, नवी झिलई स्वीकारतो. पण बूड बसविताना त्याचा हात आजोबांचाच राहतो.

ही कसोटी लावली तर विसाव्या शतकातील बहुतेक पुनरुज्जीवन वरच्या थराचेच झाले, असे दिसून येते. रंग, नक्षी, पृष्ठभाग पुन्हा आणले गेले. अधःस्तर पुन्हा आणणे कोणाच्या हाती नव्हतेच. १९६० साली कारागिरांच्या सहकारी संस्था बंद होऊन त्यांचे सरकारी कारखान्यांत रूपांतर होऊ लागले, तेव्हा साच्यांचे काम वाढले आणि उरलेला अधःस्तरही पातळ झाला. १९७५ साली पक्षाच्या मध्यवर्ती समितीने लोककलात्मक उद्योगांविषयी ठराव केला. १९९९ साली रशियन संघराज्याने त्यांविषयी कायदा केला. कोणती वस्तू ह्या उद्योगाची मानावयाची हे त्या कायद्यान्वये नेमलेली तज्ज्ञ-मंडळे ठरवितात. मंडळांपुढे तयार वस्तू येते. तीत नक्षी दिसते, आकार दिसतो; बूड कसे बसविले ते तयार वस्तूत सहसा दिसत नाही.

अलीकडील दशकांत शहरांतील छोट्या कार्यशाळांनी जुन्या भाजणीच्या रीती उचलल्या आहेत. भांडे तापलेले असतानाच भट्टीतून काढून पिठाच्या आंबविलेल्या पाण्यात बुडविले म्हणजे त्याच्यावर काळे-तपकिरी ठिपके उमटतात, आणि त्याची छिद्रेही बुजतात. ह्या रीतीस 'ओब्वार्का' म्हणतात. भाजलेले भांडे दुधात भिजवून पुन्हा मंद तापविण्याची रीत निराळी. तिने भांड्यास मधाळ तपकिरी रंग येतो. खेड्यात हे दोन्ही उपाय झिलई परवडत नसलेल्या घरांसाठी होते. आज ते झिलई नको असलेल्या घरांसाठी आहेत. ह्यात उपहासाचे काही नाही. उलट भाजणीच्या ह्या रीती चालू ठेवणारे हे कारागीर ग्झेलच्या कारखान्यापेक्षा जुन्या कुंभाराच्या अधिक जवळ आहेत, कारण त्यांच्याही कामात शेवटचा निर्णय अग्नीचा असतो. त्यांच्यापैकी काही जण वळ्या रचून हातचाकावर भांडे उभारण्याचाही अभ्यास करतात. बोब्रिन्स्कींच्या अर्थाने तो अधःस्तर नव्हे, कारण तो पुस्तकांतून आणि शिबिरांतून शिकलेला आहे. पण एका पिढीने शिकलेले दुसऱ्या पिढीच्या हातात मुरले तर त्याचे पुढे काय नाव ठेवावयाचे, हे आताच ठरविता येणार नाही. 'ओब्वारा' हा शब्द तर इंग्रजी बोलणाऱ्या कुंभारांच्या परिभाषेतही जसाच्या तसा गेला आहे.

त्याच वेळी दुसरे शब्द मावळत आहेत. १९६५ पासून खंडशः निघत असलेल्या रशियन लोकबोलींच्या कोशात भांड्यांची, चाकाच्या भागांची, मातीच्या जातींची नावे शेकड्यांनी आढळतात. शहरी कार्यशाळांत मात्र 'गोर्शोक', 'क्रिंका', 'कोर्चागा' एवढ्याच शब्दांवर काम चालते. उख्वात आणि रोगाच ह्यांची सीमा नकाशावर आहे. भट्टीतून भांडे काढावयाला आता चिमटा वापरतात, आणि त्याला उत्तरेत व दक्षिणेत एकच नाव आहे.